पंचेचाळिशीतला फोरमन आणि त्याचे समकालीन

हेवीवेट मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्ये जे वाद कधीच मिटत नाहीत, त्यांतला मला सर्वांत आवडणारा वाद जॉर्ज फोरमनच्या दुसऱ्या डावाविषयीचा, म्हणजे दहा वर्षांच्या निवृत्तीनंतरच्या पुनरागमनाविषयीचा आहे. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने लास वेगासमध्ये मायकेल मूररला दहाव्या फेरीत गारद केले आणि वीस वर्षांपूर्वी मुहम्मद अलीकडे गमावलेले जगज्जेतेपद परत मिळवले. त्यावर एक पक्ष म्हणतो की, हरत आलेल्या म्हाताऱ्याचा एक ठोसा नशिबाने लागला, एवढेच. दुसरा पक्ष म्हणतो की, ज्याने अपराजित विजेत्याला झोपवले तो त्या काळातल्या कोणालाही, अगदी माइक टायसन, रिडिक बो आणि लेनक्स लुईस यांनाही भारी पडला असता. मला हे दोन्ही पक्ष पटत नाहीत. दुसऱ्या डावातल्या फोरमनच्या लढती एकामागून एक पाहिल्या, तर त्याच्यापुढे कोण टिकणार हे प्रतिस्पर्ध्याच्या नावलौकिकापेक्षा त्या प्रतिस्पर्ध्याच्याच पायांवर अधिक अवलंबून होते, असे स्पष्ट दिसते.

वय वाढते तेव्हा मुष्टियोद्ध्याचे सगळे गुण एकाच वेगाने ओसरत नाहीत. सर्वांत आधी पाय जातात, मग हातांचा वेग आणि समोरून येणारा ठोसा पाहून क्षणार्धात हलण्याची क्षमता जाते. एका फेरीत मारता येणाऱ्या ठोशांची संख्या घटते आणि एका कष्टाच्या फेरीनंतर पुढच्या फेरीसाठी सावरायला वेळ लागतो. ठोशातली ताकद मात्र पुष्कळ काळ टिकते, आणि अंतर, लय व प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ओळखण्याची जाण तर वाढतही जाऊ शकते. हेवीवेट गटाला वरची वजनमर्यादा नसल्यामुळे इथल्या खेळाडूला लढतीच्या आदल्या दिवशी पाणी तोडून शरीर पिळावे लागत नाही, म्हणूनच खालच्या वजनगटांपेक्षा या गटात चाळिशीतली माणसे अधिक दिसतात. पण ज्याची सारी कला पायांवर उभी आहे, त्याला या सवलतीचा फारसा उपयोग होत नाही. फोरमनची कला पायांवर कधीच उभी नव्हती, आणि त्याच्या दुसऱ्या डावाचे बरेचसे रहस्य यातच आहे.

पहिल्या डावातला फोरमन आठवावा. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे त्याने जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडले. त्या काळातला तो तरुण प्रत्येक ठोसा शेवटचा असल्यासारखा मारायचा, अंग ताठ ठेवायचा आणि पाच-सहा फेऱ्यांत दमायचा. किन्शासामध्ये अलीने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी नेमके हेच हेरले आणि दोरांना टेकून, मार झेलत झेलत, आठव्या फेरीत त्याला संपवले. मार्च १९७७ मध्ये सान हुआन येथे जिमी यंगने बारा फेऱ्या चलाखीने खेळून गुणांवर त्याला हरवले, शेवटच्या फेरीत खालीही पाडले, आणि त्याच रात्री कपडे बदलण्याच्या खोलीत आलेल्या धार्मिक अनुभवानंतर फोरमन मुष्टियुद्ध सोडून धर्मोपदेशक झाला. दहा वर्षे तो रिंगमध्ये उतरला नाही. ९ मार्च १९८७ रोजी सॅक्रॅमेंटोमध्ये स्टीव्ह झाउस्कीविरुद्ध परतला तेव्हा त्याचे वजन २६७ पौंड, म्हणजे सुमारे १२१ किलो होते. फ्रेझियरला हरवताना ते साधारण ९९ किलो होते. पत्रकारांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

परंतु त्या दहा वर्षांत एक गोष्ट बदलली होती, ती म्हणजे त्याची घाई संपली होती. परतलेला फोरमन संथ होता, पण सैल आणि शांत होता. डाव्या हाताचा जड जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सतत पुढे, दोन्ही हात चेहऱ्यापुढे आडवे धरून केलेला बचाव, छोटी छोटी पावले टाकत रिंगचा एकेक कोपरा बंद करणे, आणि फेऱ्यांमधल्या मिनिटभराच्या विश्रांतीतही स्टुलावर न बसता उभे राहणे, अशी त्याची रीत झाली. हे उभे राहणे बरेचसे दाखवण्यासाठी होते असे मला वाटते. पण समोरच्या कोपऱ्यात धापा टाकत बसलेल्या तरुणाला ते दिसत असे, आणि तेवढ्याने काम होत असे. पहिल्या डावात पाच फेऱ्यांत दमणारा माणूस चाळिशीनंतर बारा फेऱ्या पुरवून खेळू लागला. वयाने त्याचा वेग नेला, तसा त्याचा उतावीळपणाही नेला.

१९८७ ते १९९० या काळात त्याने सलग २४ लढती जिंकल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांना ओळखायला जुन्या मासिकांची पाने उलटावी लागतील, हे खरे. कुस्तीच्या मैदानात जोड लावणारा जाणता माणूस जसा आपल्या मल्लाची तयारी पाहून एकेक पायरी वर चढवतो, तशीच ही आखणी होती. तरीही त्यातल्या तीन लढती पुढच्या अंदाजांसाठी महत्त्वाच्या आहेत. बुटका, वाकून आत शिरणारा ड्वाइट मुहम्मद कावी सुरुवातीला त्याला त्रास देऊन सातव्या फेरीत थांबला, बर्ट कूपरने दोन फेऱ्यांत हार मानली, आणि जानेवारी १९९० मध्ये उंच, ताकदवान पण जागेवर उभा राहणारा जेरी कूनी दुसऱ्या फेरीत आडवा झाला. याच कूपरने पुढे इव्हँडर होलीफिल्ड आणि मूरर या दोघांनाही जमिनीवर पाडले होते, हे इथे लक्षात ठेवावे.

१९ एप्रिल १९९१ रोजी अटलांटिक सिटीमध्ये तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डसमोर बेचाळीस वर्षांचा फोरमन उभा राहिला. एकाचे वजन २०८ पौंड, दुसऱ्याचे २५७. होलीफिल्ड तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर जिंकला आणि तो योग्य निकाल होता. पण त्या लढतीतली सातवी फेरी पाहण्यासारखी आहे. फोरमनच्या उजव्या हाताने होलीफिल्ड हादरला, मागे सरकला, आणि मग त्यानेच उसळून ठोशांची सरबत्ती केली. त्या सरबत्तीत फोरमनचे डोके डावीउजवीकडे फेकले जात होते, पण त्याचे पाय काही जागचे हलले नाहीत. होलीफिल्ड त्या काळातला सर्वांत तंदुरुस्त हेवीवेट होता. मारून बाजूला होणे आणि पुन्हा आत शिरणे, हे बारा फेऱ्या करण्याची त्याची क्षमता होती. इतके कष्ट घेतल्याशिवाय बेचाळिशीतल्या फोरमनला हरवणे त्यालाही जमले नसते.

यानंतरच्या दोन लढतींनी मात्र त्याच्या मर्यादा उघड्या केल्या. एप्रिल १९९२ मध्ये ॲलेक्स स्ट्यूअर्टला त्याने दुसऱ्या फेरीत दोनदा पाडले, आणि तरीही शेवटी चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजवून घेऊन कसाबसा गुणांवर जिंकला. याच स्ट्यूअर्टला टायसनने पहिल्या फेरीत, मूररने चौथ्या फेरीत आणि होलीफिल्डने आठव्या फेरीत थांबवले होते. नुसती बेरीज-वजाबाकी करणाऱ्याने यावरून मूरर फोरमनला सहज हरवील असे भाकीत केले असते, आणि ते साफ चुकले असते. अशा त्रैराशिकांवर मुष्टियुद्धात विश्वास ठेवू नये, असे मी म्हणतो ते यामुळेच. जून १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनने तर सगळ्यांना धक्का दिला. मॉरिसन म्हणजे डाव्या हुकसाठी, बाजूने वळून येणाऱ्या ठोशासाठी प्रसिद्ध असलेला, मारामारीला उत्सुक असा तरुण. त्या रात्री मात्र तो बारा फेऱ्या चक्क पळाला. जॅब, दोन ठोसे, आणि लगेच बाजूला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तरी त्याने आपली योजना सोडली नाही आणि गुणांवर तो निर्विवाद जिंकला. हाच मॉरिसन त्याआधी रे मर्सरकडून पाचव्या फेरीत बाद झाला होता आणि पुढे लुईसकडूनही सहा फेऱ्यांत थांबला. म्हणजे फोरमनला हरवण्यासाठी थोर असण्याची गरज नव्हती. शिस्तीने हलत राहणे पुरेसे होते.

मग मूररने तेच का केले नाही? मूरर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, ३५ पैकी ३५ लढती जिंकलेला, आणि हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळवणारा पहिला डावखुरा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने होलीफिल्डला हरवले होते. मॉरिसनकडून हरून दीड वर्ष रिंगबाहेर असलेल्या फोरमनला ही संधी मिळावी का, यावरच वाद झाला आणि फोरमनला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. मूररच्या गोटाला ही पहिली बचावाची लढत सोपी आणि भरपूर पैशांची वाटली असणार. पण जोड म्हणून पाहिले तर ती मूररसाठी वाईट होती. तो हेवीवेटपेक्षा हलक्या अशा लाइट हेवीवेट गटातून वर आलेला होता, कूपरच्या हातून पडलेला होता, आणि मुख्य म्हणजे त्याला पळायला आवडत नसे. डावखुऱ्या योद्ध्याविरुद्ध उजव्या हाताने खेळणाऱ्याचे मुख्य शस्त्र म्हणजे सरळ उजवा ठोसा. आणि फोरमनच्या हातात नेमके तेवढेच शस्त्र जसेच्या तसे शिल्लक होते.

ती लढत पहिल्यांदा पाहणाऱ्याला नऊ फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात. मूरर सफाईने ठोसे लावतो, फोरमनचा चेहरा सुजत जातो आणि गुणांवर तो मागे पडत जातो. नवव्या फेरीअखेर तिन्ही गुणपत्रिकांवर मूरर पुढे होता, दोघांच्या हिशेबात ८८-८३ असा. पण निकाल ठाऊक असताना पुन्हा पाहिले की वेगळीच लढत दिसते. फोरमन प्रत्येक फेरीत थोडा थोडा पुढे येऊन मूररला हव्या त्या अंतरावर उभे राहण्याची सवय लावत असतो. त्याचे उजव्या हाताचे बरेच ठोसे मुद्दाम रुंद, बाहेरून येणारे आहेत, त्यामुळे मूररचे हात बाजूंना जातात आणि मधली वाट उघडी राहते. मूररचे प्रशिक्षक टेडी ॲटलस कोपऱ्यातून पुनःपुन्हा बजावत होते की समोर उभा राहू नकोस. दहाव्या फेरीत आधी डावा जॅब, मग उजवा कपाळाजवळ; मूरर जागचा हलला नाही. पुन्हा तीच जोडी, पण या वेळी उजवा ठोसा सरळ, आखूड आणि थोडा खालून, दोन्ही हातमोज्यांच्या मधून हनुवटीवर. ठोशाचा प्रवास जेमतेम फूटभर असेल. मूरर पाठीवर पडला आणि रेफरी जो कोर्तेझने दहा अंक मोजेपर्यंत उठू शकला नाही. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला. त्याच्या अंगावर किन्शासातली तीच जुनी चड्डी होती, आणि कोपऱ्यात तेव्हा अलीच्या बाजूने असलेले अँजेलो डंडी होते. याला नशिबाचा ठोसा म्हणणाऱ्यांनी या फेरीआधीच्या नऊ फेऱ्या नीट पाहिलेल्या नसतात.

आता ज्या लढती झाल्या नाहीत, त्यांच्याकडे वळतो. टायसन आणि फोरमन जून १९९० मध्ये लास वेगासला एकाच रात्री, एकाच कार्यक्रमात लढले. टायसनने हेन्री टिलमनला पहिल्या फेरीत, फोरमनने अदिल्सन रॉड्रिग्जला दुसऱ्या फेरीत संपवले, आणि पुढची लढत या दोघांचीच व्हावी अशी हवा तयार झाली. फ्रेझियरचे उदाहरण देऊन अनेकजण फोरमनला कौल देतात, कारण टायसनही बुटका, डोके हलवत आत येणारा, आणि अशा योद्ध्याला खालून वर येणारा फोरमनचा अपरकट घातक. हे उदाहरण अर्धेच लागू पडते. १९७३ मधला फोरमन चोवीस वर्षांचा होता, आणि टायसनचे हात फ्रेझियरपेक्षा पुष्कळ वेगवान होते. तरुण टायसन, म्हणजे १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत गारद करणारा, चाळिशीतल्या फोरमनला बहुधा पहिल्या चार फेऱ्यांत मोठ्या संकटात टाकता. पण टोकियोत बस्टर डग्लसकडून हरल्यानंतरच्या टायसनमध्ये तो नेमकेपणा राहिला नव्हता. तो एकेक मोठा ठोसा शोधू लागला होता, डोके कमी हलवत होता, आणि रझर रडकविरुद्धच्या १९९१ मधल्या दुसऱ्या लढतीत त्याला बारा फेऱ्या खेळाव्या लागल्या. पुनरागमनात एकदाही न पडलेल्या फोरमनविरुद्ध चौथ्या फेरीनंतर तो टायसन हतबल झाला असता असे मला वाटते. या जोडीत माझा कौल थोड्या फरकाने फोरमनला आहे. पैज मात्र मी लावणार नाही.

रिडिक बोच्या बाबतीत मला कमी शंका आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये होलीफिल्डला हरवणारा बो सहा फूट पाच इंच उंच होता, त्याला उत्तम जॅब होता, आणि एवढ्या मोठ्या देहाच्या योद्ध्यांत क्वचित आढळणारी जवळून लढण्याची हातोटीही होती. फोरमनला ज्या अंतरावर इतरांना अडकवायचे असे, तिथे बो स्वतःहून गेला असता आणि तिथे त्याचे हात दुप्पट चालले असते. त्या बोने गुणांवर आरामात विजय मिळवला असता. एक वर्षानंतर खाण्यापिण्यात सैलावून २४६ पौंडांचा झालेला, होलीफिल्डकडून परत हरलेला बो मात्र वेगळा. त्याला मार खाण्याची सवय वाईट जडली होती, आणि आठव्या-नवव्या फेरीत दमलेल्या बोसमोर फोरमन उभा आहे हे चित्र बोच्या चाहत्यांना आवडणार नाही. त्याच काळात लॅरी होम्सही बेचाळिसाव्या वर्षी रे मर्सरला हरवून बसला होता, यावरून हेवीवेटमधले तरुण किती भरवशाचे होते हे कळते. फोरमन-होम्स लढत मात्र १९९९ मध्ये ठरता ठरता राहिली, आणि बरे झाले.

लेनक्स लुईस हा सर्वांत कठीण प्रश्न. लुईसही सहा फूट पाच इंच, हातांचा पल्ला फोरमनपेक्षा मोठा, आणि उजवा हात कोणालाही झोपवणारा. सप्टेंबर १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्याच फेरीत एका उजव्या ठोशावर संपवले होते, त्यामुळे ‘मॅकॉलला जमले तर फोरमनला का नाही’ असे विचारले जाते. विचारणे रास्त आहे. पण त्या पराभवानंतर लुईस इमॅन्युएल स्टीवर्ड यांच्याकडे गेला आणि त्याच्या खेळातला भोळा आक्रमकपणा जवळजवळ नाहीसा झाला. लांबून जॅब, प्रतिस्पर्धी पुढे आला की मिठी मारून त्याच्यावर भार टाकणे, आणि खात्री झाल्यावरच उजवा हात, हे त्याचे सूत्र झाले. फोरमनला पुढे येण्याची जी एकच वाट होती, ती या सूत्रात बंद होते.

फोरमनलाही हे कळत असावे. जगज्जेता झाल्यावर त्याने टोनी टकरशी लढायला नकार देऊन जगज्जेतेपदाच्या दोन पट्ट्यांपैकी (वेगवेगळ्या संघटना आपापला पट्टा देतात) एक गमावला, एप्रिल १९९५ मध्ये ॲक्सेल शुल्झविरुद्ध वादग्रस्त निर्णयावर वाचला, आणि परत लढण्याचा आदेश आल्यावर दुसरा पट्टाही सोडून दिला. शुल्झ बाजूला सरकत खेळत होता, म्हणजे पुन्हा तेच मॉरिसनचे औषध. आपल्याला कोण जमेल आणि कोण जमणार नाही, याचा इतका स्वच्छ हिशेब ठेवणारा दुसरा विजेता मला आठवत नाही, आणि त्यासाठी त्याला भित्रा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

२२ नोव्हेंबर १९९७ रोजी अटलांटिक सिटीमध्ये तो शॅनन ब्रिग्जविरुद्ध अखेरचा लढला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या फोरमनने पंचविशीतल्या ब्रिग्जचे नाक-तोंड जॅबने लाल केले. मी स्वतः ती लढत फोरमनने स्पष्टपणे जिंकली असे मानतो, पण दोन पंचांनी ब्रिग्जला विजयी ठरवले आणि तिसऱ्याने बरोबरी दिली. ७६ विजय, त्यांतले ६८ नॉकआउट, आणि ५ पराभव, असा हिशेब तिथे थांबला. त्या निर्णयाच्या जोरावर चार महिन्यांनी लुईससमोर ब्रिग्ज उभा राहिला; पहिल्या फेरीत त्याने लुईसला चांगलेच हादरवले आणि पाचव्या फेरीत तो स्वतः थांबला. निकाल उलटा लागला असता तर त्या जागी एकोणपन्नाशीतला फोरमन असण्याची शक्यता होती. पहिल्या फेरीतला तो हादरलेला लुईस फोरमनच्या टप्प्यात आला असता तर काय झाले असते, या विचाराने मी त्या फेरीची चित्रफीत अनेकदा मागे नेऊन पाहिली आहे. ब्रिग्जने त्या क्षणी धावत जाऊन जे ठोसे मारले, ते मारण्यासाठी लागणारे पाय फोरमनकडे नव्हते. तो पोहोचेपर्यंत लुईस सावरला असता. ही लढत आठ फेऱ्यांच्या आत थांबली असती, आणि थांबवणारा लुईस असता, असे माझे मत आहे.